पुरात अडकलेले फोन आरएनटीआयवरून मोजता येतील का?

कृष्णाकाठची, सांगली

नमस्कार. मी सांगलीत ईएनटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाबद्दल विचारायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोका पातळी ४५ फूट. आमचं घर गावभागात. खालचा मजला बुडाला आणि आम्ही गच्चीवर. बोटी फिरत होत्या, पण कुठल्या गल्लीत माणसं उरलीत हे बोटीतल्यांना समजायला काही मार्गच नव्हता. एक बोट आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन वळली, कारण पुढे कुणी नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

आमच्या गटाची कल्पना अशी: बोटीवर एक छोटा एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) रिसीव्हर ठेवायचा, टॉवरच्या कंट्रोल चॅनेलवर दिसणारे आरएनटीआय, म्हणजे टॉवर फोनला हाक मारायला वापरतो ते तात्पुरते आकडे, टिपायचे, आणि वेगवेगळे किती दिसले त्यावरून आसपास किती फोन चालू आहेत ते सांगायचं. कुणाचं बोलणं ऐकायचं नाही, कुणाचा नंबर काढायचा नाही. फक्त मोजायचं.

सध्या सगळं प्रयोगशाळेत आहे. दोन एसडीआर बोर्ड, एकावर एसआरएसरॅन या सॉफ्टवेअरचं ईनोडबी (म्हणजे टॉवर), दुसऱ्यावर त्याचंच यूई (म्हणजे फोन), मध्ये केबल आणि सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर. हवेत काहीही सोडत नाही. फोन एकच, तरी यादी वाढतच जाते. पहिल्यांदा जोडला गेला तेव्हा हेक्स ४६ मिळाला. थोडा वेळ डेटा थांबला, कनेक्शन सुटलं, पुन्हा पिंग टाकलं तर ४७. मग ४८, ४९. कोअरच्या, म्हणजे टॉवरमागच्या मुख्य नेटवर्कच्या, लॉगमध्ये मात्र एम-टीएमएसआय (कोअरने फोनला दिलेला तात्पुरता नंबर) तोच राहतो. म्हणजे एक फोन आमच्या मोजणीत दहा-बारा फोन होतो. सर म्हणतात, ठरावीक गुणांकाने भागा. मला ते पटत नाही. नेमकं काय मोजावं? आणि हे सगळे तात्पुरते नंबर इतके का बदलतात?

पॅकेट_पाहणारा, मिरज

४६ चं कोडं आधी सोडवतो. हेक्स ४६ म्हणजे ७०. एसआरएसच्या जुन्या ४जी कोडमध्ये वाटप ७० पासून सुरू होतं आणि एकेक वाढत जातं. त्यांच्याच नव्या ५जी प्रकल्पात सुरुवात ४६०१ पासून दिसते. हा कोड लिहिणाऱ्यांनी केलेला निर्णय आहे, मानकात तसं काही नाही. एलटीईच्या, म्हणजे ४जीच्या, मानकात ००३डी ते एफएफएफ३ या पट्ट्यातला कुठलाही मोकळा आकडा ईनोडबी देऊ शकतं. तेव्हा आकडे ओळीने येतात या गृहीतकावर एकही ओळ लिहू नका, खऱ्या नेटवर्कवर ते कोसळेल.

आणि एफएफएफई, एफएफएफएफ हे यादीतून आधी काढा. पहिला पेजिंगचा (झोपलेल्या फोनला हाक मारायचा), दुसरा सिस्टिम इन्फर्मेशनचा (सेलची सर्वसाधारण माहिती सांगायचा). ते सगळ्या फोनसाठी असतात. ००३डी च्या खालचे बहुतेक रँडम अॅक्सेसच्या, म्हणजे फोनने टॉवरला घातलेल्या पहिल्या हाकेच्या, उत्तराचे. वायरशार्क या पॅकेट बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक-एलटीईची फाईल उघडली की आरएनटीआयचा प्रकारही लिहिलेला दिसतो, त्यावरून चाळणी लावा.

ड्राइव्हटेस्ट_सातारा

ताई, प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून घाई न करता लिहितो. मी आरएफ ऑप्टिमायझेशनचं, म्हणजे मोबाइलचा सिग्नल तपासून सुधारण्याचं, काम करतो. साताऱ्यातून कराड, पेठ नाका, सांगली आणि वर खंबाटकी घाटापर्यंतचा पट्टा माझ्याकडे असतो. गाडीत लॅपटॉप आणि टेस्टचे फोन लावून हेच आकडे दिवसभर स्क्रीनवर बघतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात आलीच नाही. बोटीवरचा रिसीव्हर कंट्रोल चॅनेल ऐकतो तेव्हा तो टॉवर ऐकतो, फोन नव्हे. टॉवरने कुणाला काय वाटून दिलं, ते त्या सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या त्या पट्ट्यात, सगळीकडे सारखंच ऐकू येतं. बोट गावभागात असो की मारुती चौकात, यादी तीच येणार. फोन कुठल्या इमारतीत आहे याचा त्यात मागमूस नाही. रँडम अॅक्सेसच्या उत्तरात टायमिंग अॅडव्हान्स (फोनने आपलं बोलणं किती आधी सोडायचं तो आकडा) असतो आणि एलटीईत त्याची एक पायरी साधारण ७८ मीटरची. पण त्यातून मिळतं ते टॉवरपासूनचं अंतर, म्हणजे एक कमान. सांगलीसारख्या दाट वस्तीत त्या कमानीवर कितीतरी घरं येतात.

आता नंबर का बदलतात. सी-आरएनटीआय हा फोनचा नंबर नाहीच. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरला टोकन मिळतं ना, तसा हा एका सेलने एका भेटीपुरता दिलेला आकडा. फोनला काही पाठवायचं असलं की तो आधी ६४ प्रिअँबलपैकी (ठरलेल्या छोट्या हाकांपैकी) एक फेकतो. कोणत्या वेळेला आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या जागी फेकला, त्यावरून आरए-आरएनटीआय ठरतो, आणि त्या नावाने टॉवर उत्तर देतो: तुझं टायमिंग इतकं सरकव, या जागेत बोल, आणि तोपर्यंत हा तात्पुरता सी-आरएनटीआय घे. तिसऱ्या संदेशात फोन आपली ओळख सांगतो. एलटीईत ती ४० बिटांची. त्या भागात आधी नोंदलेला असेल तर एस-टीएमएसआय (तुमच्या लॉगमधला एम-टीएमएसआय याचाच भाग), नसेल तर निव्वळ रँडम आकडा. दोन फोननी एकाच वेळी एकच प्रिअँबल फेकला असेल तर दोघेही तेच उत्तर आपलं समजून बोलतात. चौथ्या संदेशात टॉवर ज्याची ओळख परत उच्चारतो तो जिंकला, आणि त्याचा तात्पुरता आकडा पक्का सी-आरएनटीआय होतो. हरलेला पुन्हा पहिल्यापासून. याशिवाय गोंगाटालाच प्रिअँबल समजून टॉवर कधीकधी उत्तर देऊन टाकतो. तो आकडा कुणाचाच होत नाही, पण तुमच्या यादीत चढतो.

आकडा १६ बिटांचाच का, तर तो प्रत्येक ग्रँटबरोबर (बोलायला दिलेल्या जागेबरोबर) लागतो, आणि ग्रँट मिलिसेकंदाला निघतात. तिथे लांब ओळख लिहायला जागा परवडत नाही. म्हणून आरएनटीआय वेगळा लिहितच नाहीत. कंट्रोल संदेशाच्या शेवटच्या सीआरसीवर, म्हणजे चूक तपासायच्या बिटांवर, त्याचा मुखवटा चढवतात. फोन समोर आलेला प्रत्येक उमेदवार संदेश उघडून बघतो, स्वतःचा आकडा वापरून मुखवटा काढतो, सीआरसी जुळला तर संदेश आपला. मला हे डिझाइन फार आवडतं, एकही बिट जादा न घालवता पत्ता लिहिला जातो.

पण तुमच्यासाठी नेमकं हेच घातक आहे, आणि इथे जरा थांबून वाचा. एलटीईत हा सीआरसी १६ बिटांचा आणि मुखवटाही १६ बिटांचा. तुम्हाला कुणाचाच आरएनटीआय माहीत नाही, म्हणून तुम्ही उलटं करता: संदेशावरून सीआरसी काढता, आलेल्याशी ताडता, आणि फरक म्हणजे आरएनटीआय म्हणता. आता सिग्नल खराब असला आणि संदेश चुकीचा उलगडला तरीही फरक निघतोच, आणि तोही १६ बिटांचा रीतसर दिसणारा आकडा असतो. खरा कोणता, भूत कोणतं हे एका संदेशावरून सांगताच येत नाही. ५जीत सीआरसी २४ बिटांचा आणि मुखवटा फक्त शेवटच्या १६ वर, त्यामुळे ८ बिट तपासायला उरतात. तरीही उलगडलेल्या कचऱ्यापैकी २५६ मध्ये एक सुटून जाईल. पाण्यावर डुलणाऱ्या बोटीत, छोट्या अँटेनाने, पुरात अर्धे टॉवर बंद असताना सिग्नल कसा असेल याचा विचार करा.

हे झालं जास्तीच्या मोजणीचं. माझी खरी काळजी दुसऱ्या बाजूची आहे.

फोन आयडल असला, म्हणजे चालू पण टॉवरशी कनेक्शन नसलेला, की त्याला सी-आरएनटीआय नसतो. अजिबात नसतो. कनेक्शन सुटलं की टॉवर तो आकडा विसरतो आणि उद्या दुसऱ्याला देतो. आयडल फोन फक्त ठरलेल्या वेळी, सव्वा सेकंदाने किंवा अडीच सेकंदाने, जागा होऊन आपल्यासाठी पेजिंग आहे का बघतो आणि परत झोपतो. स्वतःहून नेटवर्कला हजेरी देतो ती ट्रॅकिंग एरियाच्या (अनेक सेल मिळून झालेल्या भागाच्या) ठरावीक अपडेटला, आणि त्या टायमरचं मानकातलं डीफॉल्ट मूल्य ५४ मिनिटं आहे. गच्चीवर अडकलेली आजी, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, बॅटरी वाचवायची म्हणून डेटा बंद. तिचा फोन तुमच्या यादीत येणार नाही. रिलीफ कॅम्पमध्ये बसून व्हिडिओ पाठवणाऱ्या पोराचा फोन दहा वेळा येईल. म्हणजे ज्यांना शोधायचंय तेच दिसणार नाहीत, आणि हे कुठल्याही गुणांकाने भागून सुधारत नाही. सरांना एवढं जरूर दाखवा. स्क्रीनवर शून्य दिसलं म्हणून बोट वळली, तर ते यंत्र लोकांचं नुकसान करेल. मी हे कळकळीने सांगतोय.

कायद्याचंही बघा. प्रयोगशाळेत केबलवर करताय ते उत्तम. खऱ्या नेटवर्कवर परवानगीशिवाय ऐकत बसणं वेगळं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा इंटरसेप्शनला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हेतू चांगला होता हे तिथे पुरेसं पडत नाही.

कृष्णाकाठची, सांगली

सर, मनापासून धन्यवाद. टॉवर ऐकतो, फोन नव्हे, हे वाचून आम्ही सगळ्याजणी गप्प झालो. एक शंका राहते. एस-टीएमएसआय बदलत नाही असं आमच्या लॉगमध्ये दिसतं. मग आरएनटीआयऐवजी तो मोजला तर निदान दुबार मोजणी टळेल का? आणि एका सेलमधून दुसऱ्यात गेल्यावर काय होतं?

ड्राइव्हटेस्ट_सातारा

दुसऱ्याचं आधी, ते सोपं आहे. हँडओव्हरच्या वेळी नवा सेल नवा सी-आरएनटीआय आधीच काढून ठेवतो आणि जुना सेल तो फोनला कळवतो, पण एन्क्रिप्ट केलेल्या संदेशात. बाहेरून बघणाऱ्याला एक आकडा इथे संपलेला दिसतो आणि दुसरा तिथे सुरू झालेला. दोघांचा सांधा दिसत नाही. खंबाटकी चढताना माझ्या स्क्रीनवर आकडा सारखा पालटत असतो. मला साखळी लावता येते ती फोन माझ्याच हातात आहे म्हणून.

कॅरिअर अॅग्रिगेशनमध्ये एलटीईचे दोन-तीन सेल एकाच फोनला जोडले तरी आरएनटीआय तोच चालतो. पण ४जीच्या आधाराने ५जी चालतं तिथे ४जीच्या बाजूचा एक, ५जीच्या बाजूचा दुसरा. तीही दुबार मोजणीच.

एस-टीएमएसआय तुमच्या लॉगमध्ये स्थिर आहे कारण छोटं कोअर तो बदलायची तसदी घेत नाही. बदलायला हवा असतो. कायमचा नंबर म्हणजे आयएमएसआय, १५ आकडी, आपल्याकडे ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारा. तो हवेत उघडा जाऊ नये म्हणून तर टीएमएसआय जीएसएमपासून आहे. एलटीईत ८ बिटांचा एमएमई कोड (कोअरमधल्या यंत्राचा) आणि ३२ बिटांचा एम-टीएमएसआय मिळून ४० होतात. ५जीत १० अधिक ६ अधिक ३२, एकूण ४८. हे ४८ तिसऱ्या संदेशात मावत नाहीत, म्हणून ५जी फोन आधी ३९ पाठवतो आणि उरलेले ९ नंतरच्या संदेशात.

कमकुवत जागा कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. तिसरा संदेश उघडा असतो आणि चौथ्यात टॉवर तोच परत उच्चारतो. म्हणजे एलटीईत तात्पुरता आरएनटीआय आणि एस-टीएमएसआय यांची गाठ थोडा वेळ उघड्यावर पडते. एस-टीएमएसआय दिवसेंदिवस तोच राहिला तर एखाद्या माणसाचा माग काढता येतो. दक्षिण कोरियातल्या काइस्ट या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ११ देशांतल्या २८ ऑपरेटरांवर हेच तपासलं. १९ जणांकडे नंबर बदलत होता, पण बदलण्याची रीत सहज ओळखू येईल अशी ठरावीक होती. आकडा बदलणं पुरत नाही, तो अंदाज न येईल असा बदलायला लागतो. ५जीच्या सुरक्षा मानकात, म्हणजे ३३.५०१ मध्ये, पेजिंगला उत्तर देऊन फोन जोडला गेला की त्याला नवा नंबर देणं बंधनकारक केलंय. कायमचा नंबर तर होम नेटवर्कच्या पब्लिक कीने एन्क्रिप्ट करून पाठवायची सोय आहे, आणि मग दर वेळी त्याचं रूप वेगळं.

तर तुमचा प्रश्न: एस-टीएमएसआय मोजला तर दुबार मोजणी कमी होईल का? जुन्या, ढिल्या नेटवर्कवर होईल. पण त्याचा अर्थ असा, की नेटवर्क जितकं चांगलं तितकी तुमची मोजणी वाईट. लोकांच्या खासगीपणात जिथे भोक आहे तिथेच चालणारं यंत्र मी तरी कुणाला बांधायला सांगणार नाही. पेजिंगमध्ये दिसणाऱ्या एस-टीएमएसआयचाही उपयोग नाही, कारण पेजिंग अख्ख्या ट्रॅकिंग एरियात पुकारलं जाऊ शकतं. नाव सांगलीच्या सेलवर ऐकू आलं तरी फोन दुसऱ्याच गावात असेल. शिवाय आपत्तीत इंट्रा-सर्कल रोमिंग सुरू करतात, एकाचा टॉवर बंद पडला तर ग्राहक दुसऱ्याच्या नेटवर्कवर जातो आणि तिथे त्याला वेगळा टीएमएसआय मिळतो. नेमक्या त्या दिवशी सगळी ओळख नव्याने वाटली जाते.

भिलवडीकर

यातलं तांत्रिक मला फारसं कळत नाही, पण पुराच्या वेळी बोटीवर असतो म्हणून लिहितो. आमच्याकडे पाणी वाढायला लागलं की पहिल्या दोन दिवसांत फोन संपतात. लाइट नाही, टॉवरचं डिझेल संपतं, मग रेंजही जाते. एकेका घरात चार फोन असतात, एकेका घरात दोन म्हातारी माणसं आणि एकही फोन नाही. आणि मागे राहतात ते बहुतेक जनावरांमुळे. म्हैस वरच्या मजल्यावर चढवून तिच्यापाशी थांबलेली माणसं मी बघितलीत. दावणीला जनावर आहे का, हे विचारलं की माणूस सापडतो.

आम्ही आता पावसाळ्याच्या आधी गल्लीवार वही करतो. घर, माणसं, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, गरोदर बाई, जनावरं किती, गच्ची आहे का, जिना बाहेरून की आतून. पाणी चढताना जो बाहेर पडला त्याच्यापुढे खूण. उरलेत ती घरं बोटीला. पोरींनो, हे मोबाइलवर नेट नसताना चालेल असं काही करून दिलंत तर आम्ही वापरू. दोन बोटींकडच्या वह्या एकमेकींना भेटल्या की जुळल्या पाहिजेत, तिथे आमचा गोंधळ होतो.

ड्राइव्हटेस्ट_सातारा

भिलवडीकरांनी सांगितलेलं काम माझ्या सगळ्या लिहिण्यापेक्षा उपयोगाचं आहे. दोन वह्या नेटशिवाय जुळवणं हा चांगला अभियांत्रिकी प्रश्न आहे, ब्लूटूथ किंवा वायफाय डायरेक्टवर होईल.

पण तुमचा विषय मंजूर झाला असेल आणि रेडिओतच राहायचं असेल तर उलट्या दिशेने विचार करा. कुणाचीही ओळख न लागता सगळ्यांपर्यंत पोचणारी वाट नेटवर्कमध्ये आहे: सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम जोरात वाजले होते, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेच्या यंत्रणेची ती चाचणी होती. तिथे टॉवर पी-आरएनटीआयवर (पेजिंगच्या एफएफएफईवर) फक्त इशारा करतो की सूचना आली आहे, आणि मजकूर सिस्टिम इन्फर्मेशनच्या १२ व्या ब्लॉकमध्ये टाकतो. आयडल फोनही तो उचलतो, कारण पेजिंग बघायला तो उठतोच. त्याला कनेक्शन लागत नाही, सी-आरएनटीआय लागत नाही, रँडम अॅक्सेसची गर्दी होत नाही. मघाच्या उदाहरणातल्या आजीच्या पिशवीतला फोनसुद्धा वाजेल. तुमच्या केबलच्या सेटअपवर बघा: पेजिंग सायकल वाढवली तर सूचना किती उशिरा पोचते, सिग्नल अटेन्युएटरने किती पाडला की मजकूर फुटतो.

कृष्णाकाठची, सांगली

आज सरांशी बोललो. मोजणीचा भाग ठेवणार आहोत, पण वेगळ्या रूपात: आमच्याच सेटअपवर खरे फोन किती आणि आरएनटीआय किती दिसतात, अटेन्युएशन वाढवत नेलं की भुतं किती वाढतात, आणि यूई आयडल ठेवलं तर शून्य कसं येतं. म्हणजे हा मार्ग का घेऊ नये ते आकड्यांनिशी मांडता येईल. दुसरा भाग सूचना पोचण्याचा. यूई एकच आहे, जास्त यूई हवी असतील तर बोर्ड विकत घ्यावे लागतील का?

भिलवडीकर काका, तुमच्या वहीचं एक पान, नावं झाकून, इथे टाकाल का? माझी मैत्रीण अॅप करते, ती रकाने बघून सुरुवात करेल म्हणते.

पॅकेट_पाहणारा, मिरज

बोर्ड घेऊ नका. एसआरएसमध्ये झिरोएमक्यू (प्रोग्रॅममध्ये डेटा पोचवणारी लायब्ररी) वापरून रेडिओशिवाय ईनोडबी आणि यूई एकाच संगणकावर जोडता येतात. जास्त यूईसाठी मध्ये ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअरचा छोटा फ्लोग्राफ (सिग्नलच्या जोडणीचा आराखडा) लावून सगळ्यांचे अपलिंक बेरीज करून द्यायचे, डाउनलिंक सगळ्यांना वाटायचा. नॉइजही तिथेच मिसळता येतो, म्हणजे अटेन्युएटरचं कामही होईल. प्रत्येक यूईला वेगळं नेटवर्क नेमस्पेस (संगणकातला वेगळा नेटवर्क कप्पा) आणि वेगळा आयएमएसआय द्या, सिम फाईलमध्ये ००१०१ नेच सुरू होणारा, तो चाचणीसाठीच राखलेला आहे. अडलात तर मिरजेला या, शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो.

भिलवडीकर

पान उद्या टाकतो. जनावरांचा रकाना मोठा ठेवा म्हणावं.